आईसाठी वृद्धनिवास बघत फिरतोय (लातूर, परभणी, संभाजीनगर) – काय बघावं, काय विचारावं?

बालाघाटी | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

आई ७६ वर्षांची. अंबाजोगाईला एकटी राहते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते जाऊन चार वर्षं झाली. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यात तिचं भागतं. मी वाळूजला कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. बायकोही नोकरी करते. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मागच्या उन्हाळ्यात आई दोन महिने आमच्याकडे होती. त्या दोन महिन्यांत ती सात वेळा खाली उतरली. परत जाताना म्हणाली, "तुम्ही काही कमी केलं नाही रे. पण दिवसभर बोलायला माणूस नाही."

तिकडे माणसं आहेत. पण पावसाळ्यात ती न्हाणीत पडली. सकाळी सहाला पडली आणि शेजारच्या काकूंना कळलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. त्यानंतर तीच म्हणाली, "ती म्हाताऱ्यांची घरं असतात म्हणं, बघून तर ये कशी असतात ती."

म्हणून गेल्या दोन महिन्यांत रजा काढून चार ठिकाणं बघितली. नावं इथं देत नाही, कारण एकदा-दोनदा बघून कुणाला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर नाही.

पहिलं लातूरजवळचं, ट्रस्टचं. फोन करून सकाळी अकराला गेलो. ऑफिसात चहा झाला, फोटोंचे अल्बम दाखवले, अंगण झाडलेलं, आजी-आजोबा खुर्च्यांवर ओळीनं बसलेले. मन भरून आलं. पंधरा दिवसांनी लातूरला दुसऱ्या कामाला गेलो होतो, तेव्हा न सांगता संध्याकाळी सात वाजता पुन्हा गेलो. जेवणं साडेपाचला उरकली होती. दोन्ही हॉलमध्ये दिवे मालवलेले. तीसेक माणसांना एकच मावशी होत्या, त्या भांडी घासत होत्या. एक आजोबा अंधारात पलंगावर बसून भिंतीला हात लावून काहीतरी शोधत होते. मी विचारलं तर म्हणाले, "चप्पल." त्यांची चप्पल शोधून दिली. मावशींचा काही दोष नव्हता, त्या सकाळपासून एकट्याच राबत होत्या.

परभणीकडचं ठिकाण निराधारांसाठी आहे. चालवणारी माणसं तळमळीची वाटली. पण आईला पेन्शन आहे, मुलगा आहे. तिनं तिथली जागा अडवणं मला पटलं नाही.

तिसरं संभाजीनगरच्या बाहेर, बारा खोल्यांचं, सशुल्क. खोलीत दोघी. कमोडच्या बाजूला पकडायला दांडी आहे, न्हाणीत खरबरीत फरशी आहे, जेवणात ज्वारीची भाकरी आहे. खर्च आईच्या पेन्शनीत बसतो, थोडी भर मी घालीन. पण वरचा मजला पत्र्याचा आणि रिकामी खोली वरच आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको.

चौथं म्हणजे 'ज्येष्ठांसाठी संकुल'. मोठं गेट, माहितीपत्रक, मॉडेल फ्लॅट. अनामत रक्कम लाखांत, शिवाय दरमहा देखभाल खर्च. बाबांच्या फंडाचे होते नव्हते ते सगळे पैसे तिथंच जातील.

चारही ठिकाणी एक प्रश्न विचारला : आई उद्या अंथरुणाला खिळली तर? दोन ठिकाणी उत्तर आलं, "आम्ही फक्त स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच ठेवतो, तसं झालं तर घरच्यांनी घेऊन जायचं." म्हणजे नेमकी गरज पडेल त्या दिवशी ती जागा आपली नाही. यावरच अडकलोय. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

परभणीकर | रविवार, रात्री १०.०५

दादा, राग मानू नका. सगळं वाचलं आणि जीव कळवळला. पण आईला न्यायचंच कशाला? खालच्या मजल्यावर भाड्यानं घर घ्या, बदली मागा, काहीही करा. आमच्या आजीला वडिलांनी नऊ वर्षं अंथरुणावर सांभाळलं. घरात माणूस असेल तर सगळं होतं.

बालाघाटी | रविवार, रात्री १०.३०

राग नाही. तळमजल्याचं घरही बघितलं. पण आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो ते संध्याकाळी येतो. तळमजल्यावर असली तरी ती कुलपाआड एकटीच. तुमच्या आजीला सांभाळताना घरात दिवसभर कोण होतं?

परभणीकर | रविवार, रात्री १०.४१

आई होती. खरं आहे तुमचं. सगळं आईनंच केलं.

आजी_७१ | सोमवार, सकाळी ६.१५

मी अशाच एका ठिकाणी राहते, नांदेड जिल्ह्यात. तिसरं वर्ष आहे. नातवानं फोनवर हा धागा दाखवला, म्हणून बोलून लिहिते आहे. चुकलं तर समजून घ्या.

मला कुणी आणून टाकलं नाही. मी स्वतः आले. दोन्ही लेकी सासरी, त्यांच्या घरी त्यांची म्हातारी माणसं आहेत. मी कुणाच्या तरी मधे पाय पसरायचे कशाला, असा विचार केला. सुरुवातीचे दोन महिने फार जड गेले. रडले. मग पलीकडच्या खोलीतल्या बाईशी सूत जमलं. ती वाती वळते, मी पोथी वाचते. आता लेकीकडं चार दिवस गेले की इकडची आठवण येते.

तुम्ही बघायला जाता तेव्हा काय होतं ते सांगते. माणसं येतात, व्यवस्थापकांशी बोलतात, पलंगाखाली वाकून बघतात, संडासाचं दार उघडून बघतात आणि निघून जातात. त्या पलंगावर मी बसलेली असते. माझ्याशी कुणी बोलत नाही. आमच्यापाशी बसा. व्यवस्थापक सोबत नसताना बसा. खरं काय ते आम्हीच सांगू.

आणि हे बघा : कपाटाची किल्ली कुणाकडं असते. पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाकडं असतं. माझं माझ्याकडं आहे, म्हणून मी निर्धास्त आहे. फोन कधीही करता येतो का, ठरल्या वेळीच. लेकीकडं जायचं तर रजेचा अर्ज लागतो का. रात्री दोनला लघवीला उठायचं तर दिव्याचं बटण झोपल्या झोपल्या हाताला लागतं का. तुम्ही म्हणता ते चप्पल शोधणारे आजोबा, त्यांना चप्पल नाही, दिवा पाहिजे होता.

आणखी एक. आमच्यातलं कुणी गेलं की त्याच दिवशी पलंग रिकामा करून गादी उन्हात टाकतात की आम्हाला दोन घटका बसू देतात, हेही विचारा. इथं बसू देतात.

घाटीतली_सिस्टर | सोमवार, दुपारी २.५०

आजी, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीत अशा निवासांमधून आलेले खूप रुग्ण बघितले, त्यावरून सांगते.

भेटीच्या वेळी अंगण बघू नका. सगळ्यात जास्त आजारी माणूस कुठं झोपलाय ते विचारा आणि तिथं जा. त्याच्या टाचा बघा, परवानगी घेऊन कमरेखालची बाजू बघा. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिलं की हाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलली तर त्या बऱ्याच टळतात. म्हणजे टाचेवरची जखम तुम्हाला सांगते की रात्री इथं कुणी उठतं की नाही. नखं कापलेली आहेत का, ओठ कोरडे आहेत का, पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे का, हेही बघा. बरीच म्हातारी माणसं रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. आपल्या उन्हाळ्यात त्यांना त्याचा फार त्रास होतो.

दुपारी चारला सगळेच गाढ झोपलेले दिसले तर औषधं कोण आणि किती देतं, असं सरळ विचारा. प्रत्येकाच्या गोळ्या नावानिशी वेगळ्या डब्यात हव्यात. इन्सुलिन फ्रीजमध्ये हवं आणि लाइट गेल्यावर त्या फ्रीजचं काय होतं तेही माहीत हवं.

रात्री छातीत दुखलं तर कुठल्या दवाखान्यात नेता, कशानं नेता, सोबत कोण जातं? '१०८ ला फोन करतो' एवढंच उत्तर पुरेसं नाही. सोबत जाणाऱ्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. आईंचं अंबाजोगाईत राहणं या बाबतीत चांगलं आहे, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गावातच आहे. ती सोय सोडून जायचं असेल तर तिकडे काय मिळतंय ते नीट बघा.

केजचा_पोरगा | सोमवार, रात्री ९.३५

मला जरा वेगळं बोलायचंय.

आमच्या गावातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कारखाने बंद होईपर्यंत, पाच-सहा महिने. जोडपं जातं, कोयता घेऊन. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. माझी चुलत आजी आणि तिचे तीन नातू असेच राहतात. आजीला दिसत नाही नीट. स्वयंपाक नऊ वर्षांची पोर करते. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला १,५०० रुपये येतात, तेही कधी दोन-तीन महिन्यांनी एकदम.

अशा आजीसाठी अनामत, कमोड, दांडी हे सगळं फार लांबचं आहे. तिला गाव सोडायचं नाही, नातवांना सोडायचं नाही. तिला पाहिजे एक वेळचं गरम जेवण आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन बीपी बघणं. मी परभणीकडच्या त्या निराधारांच्या ठिकाणासारखं एक बघून आलो. तिथले लोक म्हणाले, एकट्या आजीला घेऊ, नातवांना कसं घेणार? बरोबर आहे त्यांचं. पण मग आजीनं काय करायचं?

हिशोबनीस_जालना | सोमवार, रात्री ११.१०

केजच्या भावा, तू म्हणतोस त्यावर कायद्यात अर्धं उत्तर आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकार टप्प्याटप्प्यानं उभारू शकेल, असं आहे. शब्द 'उभारू शकेल' असा आहे, 'उभारलाच पाहिजे' असा नाही. सगळी गोम तिथं आहे. आणि तुझी आजी तर वृद्धाश्रमात जाणारच नाही, तिला गावातच जेवण हवं. त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा. अंगणवाडीत किंवा शाळेत पोषण आहार शिजतोच, त्याच चुलीवर म्हाताऱ्यांसाठी गावाच्या वर्गणीतून चार भाकऱ्या जास्त पडतील का, हे बोलून बघायला काय हरकत आहे?

आता बालाघाटींसाठी पैशाचं.

एक, मासिक आकडा ऐकून थांबू नका. त्यात काय धरलेलं नाही ते विचारा. औषधं, डायपर, धोबी, उन्हाळ्यातलं कूलरचं बिल, दवाखान्यात सोबतीला ठेवलेल्या बाईचे दिवसाचे पैसे. माझ्या मामांच्या बाबतीत सांगितलेल्या आकड्यावर जवळपास निम्मे पैसे वर जायचे. दर वर्षी किती वाढ होणार तेही लेखी घ्या.

दोन, अनामत. परत मिळणार का, किती दिवसांत, दर वर्षी किती कापणार, माणूस गेल्यावर कुणाला देणार. हे तोंडी सांगितलेलं धरू नका.

तीन, ट्रस्ट आयकर कायद्याखाली नोंदलेला असेल आणि साठीपुढच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण-देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. पावतीवर लावलेला दिसला तर विचारा.

चार, ते मोठ्या गेटचं संकुल. महारेराचा (घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आहे का बघा. निवृत्तांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी महारेरानं २०२४ मध्ये निकष घातले आहेत. एका मजल्यापेक्षा उंच इमारतीला लिफ्ट हवी, चाकाची खुर्ची सगळीकडे फिरायला हवी, दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ तीन फूट. टेप घेऊन जा आणि न्हाणीचं दार मोजा. मॉडेल फ्लॅटचं नव्हे, तुम्हाला मिळणाऱ्या फ्लॅटचं.

पाच, आईंचं वय सत्तरच्या पुढे आहे. आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. दाखल झाल्यावरचे उपचार त्यात येतात, रोजच्या गोळ्या येत नाहीत.

आणि अंबाजोगाईचं घर कुणाच्याही नावे करायची घाई करू नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात हवेत. कलम २३ खाली ती अट मोडली म्हणून व्यवहार रद्द करून घेता येतो, पण अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं. दाद प्रांत कार्यालयात मागायची. तुमच्याबद्दल शंका नाही, सगळ्यांसाठीच लिहितोय.

औसा_तालुका | मंगळवार, सकाळी ८.००

दारांची रुंदी वाचली आणि आजोबा आठवले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. किल्लारीच्या पट्ट्यातलं. ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यात आमचंही. नवीन घर मजबूत, सिमेंटचं, सरळ रस्ता, प्रत्येकाला मोकळी जागा. आजोबा पुढं अकरा वर्षं त्या घरात राहिले आणि अकरा वर्षं म्हणत राहिले की घर चांगलं आहे पण गाव लांब लांब झालं. जुन्या गल्लीत ओट्यावर बसलं की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यायचं. नवीन गावात पारावर जायचं तर काठी टेकत अर्धा किलोमीटर. तिथं जाणं त्यांनी तिसऱ्या वर्षी सोडलं. त्यांना काही आजार नव्हता.

म्हणून दादा, खोलीच्या दारातून काय दिसतं ते बघा. समोर भिंत आहे की माणूस आहे. खुर्ची दाराबाहेर टाकता येते का. येत नसेल तर किती का सोयी असेनात.

गोदातीर | मंगळवार, सकाळी ११.२५

एक भर. पाणी. आपल्या भागात हे विसरून चालत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. निवासात बोअर आहे का, मार्चनंतर टँकर येतो का, टँकरच्या महिन्यात अंघोळ रोज की दिवसाआड, हे तिथल्या लोकांना विचारा. शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये दुपारी जाऊन या. दिवाळीत सगळीच ठिकाणं चांगली दिसतात.

परभणीकर | मंगळवार, रात्री १०.१५

काल आईशी बोललो. तिला विचारलं, आजीच्या वेळी तुला कधी वाटलं का की कुणीतरी मदतीला असावं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नऊ वर्षांत माहेरी एकदाबी मुक्कामाला गेले नाही मी."

बालाघाटी दादा, मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते मागं घेतो. तुम्ही नीट बघून ठरवताय, हेच बरोबर.

बालाघाटी | पुढच्या रविवारी, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन संभाजीनगरच्या त्या बारा खोल्यांच्या ठिकाणी जाऊन आलो. आजींनी सांगितल्याप्रमाणे व्यवस्थापकांना विनंती केली की आईला एकटीलाच आत बसू द्या. ते लगेच हो म्हणाले, ही पहिली चांगली खूण.

दीड तासानं आई बाहेर आली. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "दोघी परळीकडच्या हायेत. एक माझ्या मावस नणंदेच्या गावची निघाली." मग म्हणाली, "जेवण सातला वाढतेत. नऊला भूक लागली तर काय, म्हणलं. तर एकीनं तिचा डबा दाखवला. लाडू ठेवू देतेत जवळ." आजींनी लिहिलेलं कपाटाच्या किल्लीचंही तिनं न सांगता विचारलं होतं. किल्ल्या बायकांच्या कमरेलाच होत्या.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं सगळ्यात आजारी कोण ते विचारलं. खालच्या कोपऱ्याच्या खोलीत एक आजी आहेत, सात महिन्यांपासून पलंगावर. टाचा बघितल्या. स्वच्छ होत्या. टाचेखाली मऊ कापडाची गुंडाळी ठेवलेली. रात्रपाळीच्या ताई कोण ते विचारलं तर त्यांना बोलावून भेटवलं. म्हणजे इथं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. मी पहिल्या भेटीत विचारलं होतं तेव्हा 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं उत्तर मिळालं होतं, म्हणून मी ते नकारात धरलं होतं. कोपऱ्यातली ती खोली बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं. अर्थात त्या अवस्थेत मासिक खर्च वाढतो, किती वाढतो ते लिहून मागितलंय.

वरच्या पत्र्याच्या खोलीला आईनं सरळ नाही म्हटलं. खालची खोली रिकामी होईल तेव्हा कळवा, असं सांगितलं. खालची खोली रिकामी होईल म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांनाच कळलं आणि कुणी पुढं बोललं नाही. मग व्यवस्थापकच म्हणाले की पुढच्या बाजूची भांडाराची खोली मोकळी करून देता येईल, तिला न्हाणी जोडायला दीड-दोन महिने लागतील. तिचं दार अंगणाकडे आहे. औसेकर, खुर्ची बाहेर टाकता येते, मी टाकून बघितली.

आईनं दोन अटी घातल्या आहेत. मार्गशीर्षातलं योगेश्वरीचं नवरात्र अंबाजोगाईत करूनच निघणार. आणि आधी पंधरा दिवस राहून बघणार, घराला कुलूप लावणार पण किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवणार. पंधरा दिवसांचे पैसे वेगळे घेतात का, हे विचारायचं राहून गेलं. उद्या फोन करतो.

सामानात ती पान कुटायचा खल नेणार आहे. पहाटे कुटण्याचा आवाज होतो, सोबतच्या बाईला चालेल का, अशी तिला काळजी लागली आहे. आजी, तुमच्याकडे असं काही असलं तर कसं करता?

आजी_७१ | सोमवार, सकाळी ६.०५

खलाखाली जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालायची. आवाज होत नाही. माझ्या शेजारणीचा असाच आहे. सकाळी मलाही अर्धं पान देते.